नऊ इंची विटेच्या भिंतीला आतून वुडफायबर बोर्ड: ऊब मिळते, पण ओल टाळायची तर अटी पाळाव्या लागतात

ब्रिटनमध्ये १९२० च्या आधी बांधलेल्या बहुतेक घरांच्या बाहेरच्या भिंती भरीव असतात. नऊ इंच वीट, मध्ये पोकळी नाही, आत चुन्याचा गिलावा. हॅरो, रेडिंग, लेस्टर, मँचेस्टर अशा ठिकाणी मराठी कुटुंबं जी जुनी ओळीतली घरं विकत घेतात, त्यांतली बरीचशी याच जातीची. पुढची बाजू सुंदर विटांची असते, त्यामुळे बाहेरून इन्सुलेशन लावायला मन धजत नाही आणि पुष्कळदा नगरपालिकेची परवानगीही मिळत नाही. उरतो आतून लावण्याचा मार्ग. त्या मार्गावर चुन्याच्या गिलाव्याखाली लावायचा वुडफायबर बोर्ड, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला फलक, हा आज मिळणाऱ्या पर्यायांत सगळ्यांत भरवशाचा आहे. मात्र हा भरवसा तीन अटींवर टिकतो: भिंत आधी कोरडी हवी, बोर्ड भिंतीला पूर्ण चिकटलेला हवा आणि जाडी बेताची हवी. यातली एक जरी सुटली, तरी महागातला महाग बोर्ड ओल थोपवू शकत नाही.

आपली भिंत भरीव आहे का, हे बाहेरून कळतं. प्रत्येक थरात एक लांब वीट, मग आखूड तोंड, मग पुन्हा लांब वीट दिसत असेल तर ती फ्लेमिश बाँडची भरीव भिंत. नुसत्या लांब विटाच दिसत असतील तर बहुधा आत पोकळी आहे. बाहेरून गिलावा असेल तर दाराच्या चौकटीपाशी जाडी मोजा. गिलाव्यासकट २४-२५ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर ती भरीव समजा.

आधी भिंतीच्या पोटात काय बदलतं ते पाहू, कारण बाकी सगळं त्यावरच ठरतं. अशा भिंतीची यू-व्हॅल्यू, म्हणजे भिंतीतून उष्णता किती निसटते याचं माप, सरकारी हिशेबात १.७ धरतात. हा आकडा जितका कमी तितकं चांगलं. बाहेर ० अंश आणि खोलीत २० अंश असताना तिचा आतला पृष्ठभाग साधारण साडेपंधरा अंशांवर असतो. खोलीत आर्द्रता ६० टक्के असेल तर साडेपंधरा अंशांच्या पृष्ठभागालगत ती ८० टक्क्यांवर पोचते, आणि ८० टक्के टिकून राहिले की बुरशी धरते. कपाटामागे आणि कोपऱ्यात काळे डाग पडतात ते यामुळेच, कारण तिथलं तापमान आणखी कमी असतं. आता याच भिंतीवर ६० मिमी वुडफायबर लावला, तर बोर्डाचा खोलीकडचा पृष्ठभाग उबदार होतो आणि बुरशीचा प्रश्न बराचसा सुटतो. पण बोर्डामागची वीट चार-साडेचार अंशांवर उतरते. २० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू १२ अंश असतो. म्हणजे खोलीतली हवा फटीतून त्या विटेपर्यंत पोचली, तर तिथे पाणी सुटणारच.

दुसरं पाणी बाहेरून येतं. जुनी वीट पाऊस पिते आणि मग दोन्ही बाजूंनी सुकते. घर तापवताना भिंतही तापायची, त्या उष्णतेने ती सुकायची. इन्सुलेशन लावलं की ही उष्णता तुटते, वीट जास्त काळ ओली आणि थंड राहते. अशा वेळी आतली बाजूही प्लास्टिकने किंवा फॉइलने बंद केली तर पाण्याला परतीची वाटच उरत नाही.

म्हणूनच बाजारात सगळ्यांत स्वस्त आणि सर्रास वापरला जाणारा पर्याय, म्हणजे फोम चिकटवलेला प्लास्टरबोर्ड, या भिंतींसाठी मला अजिबात पटत नाही. फोमची उष्णता अडवण्याची ताकद निर्विवाद आहे: त्याची वाहकता (कमी असेल तितकं चांगलं) ०.०२२, तर वुडफायबरची ०.०४ च्या आसपास. पण तो बहुतेक वेळा चिकटमसाल्याच्या गोळ्यांवर लावतात. गोळ्यांच्या मधल्या पोकळीतून खोलीतली हवा सॉकेटच्या खोक्यामागून, स्कर्टिंगखालून, छताच्या कडेने आरामात फिरते आणि थंड विटेवर ओलावा सोडते. फोमवरचं फॉइल वाफ अडवतं हे खरं, पण फक्त जिथे ते सलग आहे तिथे. उन्हाळ्यात उलट घडतं. पावसाने भिजलेल्या भिंतीवर ऊन पडलं की वाफ आत ढकलली जाते, फॉइलला अडते आणि तिथेच साचते. समोरून भिंत गुळगुळीत दिसत राहते आणि मागे काय चाललंय ते कित्येक वर्षं कळत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने सरकारी योजनांतल्या कामांचा जो अहवाल दिला, त्यात आतून इन्सुलेशन केलेल्या घरांपैकी २९ टक्के घरांत दुरुस्तीची गरज असलेले दोष असल्याचा अंदाज होता. साहित्याइतकाच हा प्रश्न लावण्याच्या पद्धतीचा आहे.

वुडफायबर वेगळा वागतो, कारण तो वाफ जाऊ देतो आणि थोडा ओलावा स्वतःत मुरवूनही घेतो. विटेवर जमलेलं थोडं पाणी चुन्याच्या थरातून आणि बोर्डाच्या तंतूंतून पसरतं आणि खोलीकडे सुकतं. गुटेक्सचा थर्मोरूम, स्टायकोचे आतल्या भिंतीचे बोर्ड, पावाटेक्सचा पावाडेंट्रो ही या प्रकारातली ओळखीची नावं. पावाडेंट्रोच्या पोटात वाफेचा वेग कमी करणारा खनिज थर असतो, थर्मोरूम सलग एकाच तंतूंचा असतो. श्रॉपशरची लाइम ग्रीन, वेल्समधली टी-मॉर असे चुन्याचे व्यापारी बोर्ड, चिकटमसाला, जाळी आणि गिलावा एकत्र पुरवतात. माझा आग्रह आहे की सगळं एकाच पद्धतीतलं घ्यावं. एकाचा बोर्ड, दुसऱ्याचा मसाला आणि तिसऱ्याचा तयार गिलावा असं जमवलं की तडे गेल्यावर जबाबदारी कोणीच घेत नाही.

बोर्ड हाताळायला सोपा आहे. बारीक दातांच्या करवतीने कापला जातो, धूळ मात्र भरपूर उडते, तेव्हा मास्क हवाच. भिंतीतली लहानसहान वळणं तो सामावून घेतो आणि खोलीतला आवाजही थोडा मऊ होतो. उणिवाही सांगायला हव्यात. जागा जास्त जाते. भिजलेला बोर्ड फुगतो, म्हणून पॅलेट उघड्यावर ठेवायचं नाही. आगीच्या वर्गवारीत तो ई गटात येतो, त्यामुळे गिलाव्याशिवाय उघडा सोडायचा नाही. आणि त्यावर नुसता खिळा ठोकून जड काही टांगता येत नाही.

जाडी

जाडीच्या बाबतीत लोक सगळ्यांत जास्त चुकतात, म्हणून आकडे मांडतो. १.७ च्या भिंतीवर ४० मिमी वुडफायबर लावला की यू-व्हॅल्यू साधारण ०.६३ होते, ६० मिमीला ०.४८, ८० मिमीला ०.३९ आणि १०० मिमीला ०.३२. पहिल्या ४० मिमीतच उष्णतेची गळती जवळजवळ ६३ टक्क्यांनी घटते. ६० मिमीला ती घट ७२ टक्के होते. पुढच्या ४० मिमीने जेमतेम नऊ टक्क्यांची भर पडते, आणि त्या बदल्यात वीट आणखी गार होते, सुकण्याचा वेग मंदावतो, खोली लहान होते. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत अशा सुधारणेसाठी ०.३० हे लक्ष्य दिलेलं आहे, आणि त्यावर बोट ठेवून ठेकेदार १०० मिमी सुचवतात. पण त्याच नियमांत वाफ जाऊ देणाऱ्या पारंपरिक बांधकामाच्या घरांसाठी सवलत आहे: ओल वाढण्याचा धोका असेल तर शक्य तितकंच करावं. बिल्डिंग कंट्रोलच्या, म्हणजे बांधकाम नियम पाळले जातात का ते पाहणाऱ्या विभागाच्या, अधिकाऱ्याला ओलाव्याचा हिशेब दाखवला की हा मुद्दा मांडता येतो. तो हिशेब नुसत्या ग्लेझर पद्धतीचा, म्हणजे फक्त खोलीतली वाफ मोजणाऱ्या साध्या आकडेमोडीचा, नसावा, कारण तिच्यात पाऊस धरलेलाच नसतो. फ्राउनहोफर संस्थेच्या वूफी प्रणालीवर पाऊस, ऊन आणि भिंतीची दिशा धरून केलेला हिशेब मागा. माझी पसंती बहुतेक घरांना ४० ते ६० मिमी. ८० मिमी फक्त आडोशाच्या भिंतीला, आणि तिच्या विटांमधल्या दरजा (सांधे) नीट भरलेल्या असतील तरच.

बोर्ड आणण्याआधी

बाहेरची बाजू आधी नीट करायची. फुटकी पन्हळ, गळका पाइप, खिडकीच्या उंबऱ्याखालची बुजलेली पाणगळ, जोत्याच्या वर चढलेली अंगणाची माती: ही नेहमीची कारणं. जमीन डीपीसीच्या, म्हणजे भिंतीत जमिनीची ओल अडवणाऱ्या थराच्या, किमान १५० मिमी खाली हवी. दरजांमध्ये सिमेंट भरलेलं असेल तर ते काढा. सिमेंटच्या बारीक तड्यांतून पाणी आत शिरतं, पण सिमेंटमधून परत सुकत नाही, आणि विटेच्या कडा उडतात. २५ मिमी खोल कोरून चुन्याने दरजा भरायच्या. हे काम ग्राइंडरने केलं की विटा कापल्या जातात, म्हणून छिन्नी-हातोडी घेणारा गवंडीच शोधा.

मग सुकण्याची वाट पाहायची. भरीव भिंत दर महिन्याला सुमारे एक इंच सुकते असा ठोकताळा आहे, म्हणजे भिजलेल्या नऊ इंची भिंतीला नऊ महिने. ठेकेदार घाई करेल, करू द्या. दोन सुयांचं मीटर विटेवर टेकवून दाखवलेला आकडा गृहीत धरू नका. ते लाकडासाठी असतं, आणि भिंतीत लोणा असेल तर कोरड्या विटेवरही ओल दाखवतं. विटेत छिद्र पाडून निघालेल्या भुकटीची कार्बाइड चाचणी जास्त विश्वासाची.

आतून वॉलपेपर, प्लास्टिक रंग आणि जिप्समचा गिलावा खरवडून काढायचा. जिप्सम ओलाव्यात भुसभुशीत होतो आणि बोर्डाखाली त्याचा थर सुटला की वरचं सगळंच सुटतं. जुना चुन्याचा गिलावा ठोकून पाहा. पोकळ वाजला तर काढा, घट्ट असेल तर रंग खरवडून ठेवला तरी चालतो. लोणा दिसत असेल तर कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही. धुतला की क्षार परत आत मुरतात.

लावताना

विटेवर आधी १० मिमी चुन्याचा सपाटीचा थर. त्याने खड्डे भरतात आणि भिंतीतून येणारी हवाही बंद होते. हा थर ओला असतानाच, किंवा तो सुकल्यावर दातेरी थापीने मसाल्याचा सलग नवा थर ओढून, बोर्ड दाबून बसवायचा. बोर्डामागे पोकळी राहिली की फोमच्या बोर्डात जे होतं तेच इथेही होणार, वुडफायबर असला तरी. तपासायचं असेल तर पहिला बोर्ड लावून लगेच ओढून काढा: मागच्या बाजूला सगळीकडे मसाला लागलेला दिसला पाहिजे.

खालच्या रांगेपासून सुरुवात, विटांसारखे सांधे चुकवत. फरशी सिमेंटची असेल तर तळाला कॉर्कची पट्टी द्या, म्हणजे बोर्ड जमिनीवर टेकून ओल ओढणार नाही. सांध्यात मसाला घालायचा नाही, कडा कोरड्याच घट्ट भिडवायच्या. राहिलेल्या फटी तंतूंनीच भरायच्या. दर चौरस मीटरला पाच-सहा खुंट्या, प्लास्टिकच्या डोक्याच्या, विटेत ५० मिमी शिरतील अशा. ६० मिमी बोर्डाला त्या १२० मिमी लांब लागतात. जुनी वीट मऊ असते, ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोकं पाडा.

दहा चौरस मीटरच्या भिंतीचा अंदाज असा: ६० बाय १२० सेंटिमीटरचे १५-१६ बोर्ड, ६० खुंट्या, सपाटीच्या थराला २५ किलोच्या सहा गोणी, बोर्डावरच्या जाळीच्या थराला चार, शेवटच्या हाताला दोन, आणि काचतंतूंची १२ चौरस मीटर जाळी. जाळीचे पट्टे एकमेकांवर १०० मिमी चढले पाहिजेत. खिडकीच्या चारही कोपऱ्यांवर जाळीचा एकेक तुकडा तिरका लावा, नाहीतर पहिला तडा तिथूनच निघतो. बोर्डावरचा गिलावा एकूण आठ ते दहा मिमी. पाच अंशांच्या खाली हे काम करायचंच नाही.

कड्यांची टोकं

या कामातला खरा धोका इथे आहे, आणि जाहिरातीच्या पत्रकांत त्याबद्दल दोन ओळी सापडल्या तरी नशीब. वरच्या मजल्याच्या लाकडी कड्या, म्हणजे जमिनीच्या फळ्या पेलणाऱ्या आडव्या तुळया, पुष्कळ घरांत पुढच्या आणि मागच्या भिंतीत सुमारे १०० मिमी रुतलेल्या असतात. टोकामागे उरते ती फक्त अर्धी वीट. इतकी वर्षं खोलीच्या उबेवर ती टोकं कोरडी राहिली. आता ती गार भिंतीत अडकतात, आणि फळ्यांखालच्या पोकळीतली दमट हवा थेट त्यांच्यापर्यंत पोचते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की कुजण्याची तयारी सुरू होते.

म्हणून भिंतीलगतच्या फळ्या उचलल्याशिवाय काम सुरू करू नका. इथे मात्र सुयांचं मीटर उपयोगी आहे: प्रत्येक कडीचं टोक मोजा. १८ च्या आत असेल तर पुढे जा. २० च्या वर असेल तर पाणी कुठून येतंय ते शोधून आधी ते थांबवा. कुजलेलं टोक कापून स्टीलच्या आधारावर टेकवता येतं. मग मजल्याच्या पोकळीतल्या भिंतीवरही चुन्याचा थर द्या, नाहीतर उघड्या विटेतून आणि दरजांतून गार हवा आत येत राहते. कडीभोवतीची फट हवाबंद पट्टीने बंद करा. कडीचं टोक प्लास्टिकमध्ये मात्र गुंडाळू नका, ओल आतच कोंडते. पोकळीत पूर्ण जाडीचा बोर्ड नको, २० ते ४० मिमी पुरे, म्हणजे टोकांपाशी थोडी ऊब राहते. नैऋत्येकडची, पावसाचा मारा खाणारी भिंत असेल तर मी इथे ४० च्या वर जाणार नाही. तळमजल्याच्या लाकडी जमिनीखालच्या हवेच्या जाळ्या बुजवणं तर सक्त मना.

खिडकीच्या बगला, म्हणजे चौकटीलगतच्या भिंतीच्या आतल्या कडा, लोक विसरतात. सगळी भिंत ऊबदार आणि बगल उघडी राहिली की ओलावा तिथेच धावतो. चौकट अरुंद असली तरी २० मिमी बोर्ड बसतो. शेजाऱ्यांशी सामाईक भिंत जिथे बाहेरच्या भिंतीला मिळते, तिथे ३०-४० सेंटिमीटर बोर्ड आत वळवला तर कोपरा वाचतो. सॉकेट शक्यतो आतल्या भिंतीवर हलवा. नाहीच जमलं तर हवाबंद खोकं वापरा. रेडिएटर आणि स्वयंपाकघरातली वरची कपाटं कुठे येणार ते आधीच ठरवून तिथे विटेत पकडलेलं लाकूड बोर्डाच्या जाडीत बसवून घ्या.

सुकणं, रंग आणि वापर

गिलावा दिवसाला साधारण एक मिमी सुकतो. या काळात खिडक्या थोड्या उघड्या आणि मंद हीटिंग. जोराचा हीटर लावला तर तडे जातात. रंग चुन्याचा, मातीचा किंवा सिलिकेटचा. नेहमीचा प्लास्टिक इमल्शन किंवा व्हिनाइल वॉलपेपर लावलात तर आतापर्यंतचा सगळा खर्च पाण्यात, कारण भिंतीची सुकण्याची बाजू तुम्ही स्वतःच बंद केलीत. पुढच्या रंगाऱ्यालाही हे कळावं म्हणून मीटरच्या कपाटात लिहून ठेवा.

आपल्या घरांत कुकरच्या शिट्ट्या, उकळती आमटी, रोजच्या आंघोळी आणि हिवाळ्यात घरातच वाळणारे कपडे, असा पाण्याचा भार मोठा असतो. इंग्लंडच्या नियमांत शेगडीवरच्या पंख्याला सेकंदाला ३० लिटर हवा बाहेर टाकण्याची क्षमता सांगितली आहे, पंखा दुसरीकडे असेल तर ६० आणि न्हाणीघराला १५. हवा गाळून परत खोलीत सोडणारी चिमणी यात मोजू नका. इन्सुलेशनच्या आधी पंखे बसवा. आर्द्रता मोजणारं साधं यंत्र खोलीत ठेवा आणि हिवाळ्यात आकडा ६० च्या खाली राखा.

कुठे लावू नये

वेल्सचा पश्चिम किनारा, कॉर्नवॉल, लेक डिस्ट्रिक्ट अशा जोरदार वाऱ्या-पावसाच्या पट्ट्यातल्या उघड्या विटेच्या भिंतीला हा उपाय हिशेबाशिवाय करू नये. बाहेरून जुना सिमेंटचा तडकलेला गिलावा असेल तिथेही नाही. न्हाणीघरात शॉवरलगतच्या भिंतीवर नाही. तळघरात किंवा क्षारांनी भरलेल्या भिंतीवर कॅल्शियम सिलिकेटचा बोर्ड जास्त योग्य. त्याची वाहकता ०.०६ च्या आसपास असल्यामुळे ऊब कमी मिळते, पण तो कुजत नाही आणि त्याच्या अल्कलीमुळे बुरशी धरत नाही. गोल खिडकीच्या, वळणावळणाच्या भिंतींना कॉर्क मिसळलेला चुन्याचा गिलावा बरा पडतो. आणि मुंबई-कोकणात गळक्या भिंतीसाठी कोणी हा बोर्ड सुचवला तर ऐकू नका. तिथे वाफ बाहेरून एसीच्या थंडाव्याकडे येते, सगळा हिशेबच उलटा.

खर्च फोमच्या बोर्डापेक्षा नक्कीच जास्त येतो, आणि त्यातला मोठा वाटा मजुरीचा असतो. इन्सुलेशन ठेकेदाराकडून बसवून घेतलं तर ग्रेट ब्रिटनमध्ये ३१ मार्च २०२७ पर्यंत त्यावर शून्य टक्के व्हॅट आहे. साहित्य स्वतः विकत आणून लावलं तर २० टक्के. भिंतीच्या निम्म्याहून जास्त भागावर काम असेल तर बिल्डिंग कंट्रोलला आधी कळवावं लागतं, आणि घर संरक्षित यादीतलं असेल तर खोलीच्या आतल्या या कामालाही वेगळी मंजुरी लागते. ठेकेदाराकडून दर मागताना कड्यांची तपासणी, बगला आणि मजल्याच्या पोकळीतलं काम वेगळ्या ओळींत लिहून घ्या. ज्याच्या कोटेशनमध्ये या ओळीच नाहीत, त्याला काम देऊ नका.